हुरडा, पाहुणे आणि चोळणारे हात

वैशाखाच्या उन्हात हुरड्याची गोष्ट काढणे हे कुणाला अवेळी वाटेल. ह्या मालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे असे काहीतरी ऐकायला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘हुरडा पार्टी’ म्हणालो तेव्हा ते हसले. परंतु हा विषय आमच्या नेहमीच्या विषयाहून फार दूरचा नाही, हे वाचकांच्या हळूहळू ध्यानात येईल.

छत्रपती संभाजीनगरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. पैठणचा रस्ता घ्या, दौलताबाद-खुलताबादचा घ्या की जालन्याचा घ्या. पौष-माघात दर दोन-चार मैलांवर एक फलक दिसतो : ‘गरमागरम हुरडा, चुलीवरचे जेवण, बैलगाडीची सफर.’ रविवारी अशा फलकाखाली मोटारींची रांग लागलेली असते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे दृश्य नव्हते. हुरडा होताच, परंतु तो विकत मिळत नसे. शेत ज्याचे, तो बोलावी, आणि ज्याला बोलावणे येई तो जाई. आता माणशी दर ठरला आहे. आदल्या दिवशी फोन करून नाव नोंदवावे लागते. पाहुणचाराचे असे दुकान झाले म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्यापैकी नाही. का नाही, ते पुढे येईल.

प्रथम हुरडा म्हणजे काय ते नीट पाहू. शहरात वाढलेल्या पुष्कळ मुलांना तो ज्वारीचाच एक प्रकार आहे एवढेच ठाऊक असते. रब्बीची ज्वारी, म्हणजे आपल्याकडचा शाळू, उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरतात. पीक पूर्ण वाळून खळ्यात यायला चार महिने लागतात. त्याच्या तीनएक आठवडे आधी कणसातला दाणा एका विशिष्ट अवस्थेत येतो. आतले दूध आटून चीक झालेला असतो, पण पीठ अजून झालेले नसते. ह्या वेळी दाण्यात साखरेचा अंश अधिक असतो. पुढे तिचेच पिष्ट बनते आणि गोडी जाते. ही गोडीची मुदत एका शेताला जेमतेम आठ-दहा दिवसांची. म्हणून ज्याला महिना-दीड महिना पाहुणे घ्यायचे आहेत तो शेतकरी एकदम पेरणी करीत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांनी पेरतो. पाहुणा जो रविवार फोनवरून पक्का करतो, तो शेतकऱ्याने सप्टेंबर-ऑक्टोबरातच पेरून ठेवलेला असतो.

सर्वच ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. त्यासाठी जुनी वाणे निराळी होती : गुळभेंडी, सुरती, कुचकुची, काळी दगडी. ह्यांचा दाणा गोड, आणि मुख्य म्हणजे तो चोळल्याबरोबर बोंडातून सुटतो. अलीकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर, तर परभणीच्या विद्यापीठाने परभणी वसंत ही खास हुरड्याची वाणे दिली आहेत. आपल्या शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शाळूचे क्षेत्र तूर, सोयाबीन, कापूस आणि ऊस ह्यांच्या रेट्याने कमी होत असताना हुरड्याने काही शेतांत शाळू टिकवला, हेही नमूद केले पाहिजे.

आता आगटी. जमिनीत हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा करून त्यात गवऱ्या पेटवतात. ज्वाळा विझून निखारा आणि फुफाटा राहिला की त्यात कणसे डोकी आत आणि दांडे बाहेर अशी गोल खोचतात. वरचेवर फिरवतात. दाण्यावर बारीक सुरकुती आली, हिरवा रंग काळपट झाला, की कणीस बाहेर. एक मिनिट अधिक गेले तर दाणा करपतो आणि कमी गेले तर तो बोंडातून सुटत नाही. मग ते कणीस, निखाऱ्यातून काढलेले, तसेच्या तसे, दोन तळहातांच्या मध्ये घेऊन चोळायचे. हे काम गार झाल्यावर करता येत नाही, कारण गार कणसातला दाणा पुन्हा बोंडाला घट्ट धरतो. दाणे खाली गोणपाटावर पडतात, सुपात घेऊन पाखडले की भूस आणि कूस उडून जाते. उरतो तो हुरडा. त्यावर तिळाची, जवसाची नाहीतर लसणाची चटणी, शेंगदाणे, गूळ, दही. शेजारी बोरे, पेरू, हरभऱ्याचे ढाळे. खाणारा म्हणतो, स्वर्ग. आमचेही तेच मत आहे.

चोळणाऱ्या हातांकडे मात्र आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिले नव्हते. ते कसे पाहिले, त्याची हकीकत सांगतो.

दोन वर्षांमागे आमच्या युनियनने वाळूजच्या कामगारांची सहकुटुंब सहल काढली. बिडकीनच्या पलीकडे एका शेतकऱ्याकडे. त्या बाजूच्या बऱ्याच जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या आहेत. ह्या कुटुंबाची शिल्लक राहिली. मोठ्यांना माणशी चारशे रुपये, मुलांना दोनशे. आम्ही पंचेचाळीस मोठे आणि पंधरा मुले, एकूण साठ जण. सकाळी साडेनऊला गाड्या पोचल्या. शेताच्या तोंडाशी केळीचे खांब, बाजूला झोके, एक बैलगाडी सजवलेली. गाडीच्या बैलांची जोडी उमदी होती. चौकशी केली तर कळले, की नांगरट ट्रॅक्टरने होते. बैल ठेवले आहेत ते पाहुण्यांसाठी. धन्याने आपण होऊन पुढे सांगितले, “पाहुणे येत्यात म्हणून जोडी राहिली दावणीला, नाहीतर मागंच बाजार दाखवला असता.” बैलाच्या बाबतीत तरी पर्यटन उपकारक ठरले म्हणायचे.

आगट्या तीन होत्या. तिन्हींभोवती मिळून पाच बाया बसल्या होत्या. आम्ही बसल्याबरोबर पहिली ताटे आली, वाहवा झाली, आणि दहा मिनिटांत ताटे रिकामी झाली. मग आमच्या मंडळींनी जे केले ते लिहिताना शरम वाटते, पण लिहिले पाहिजे. “आणा की लवकर,” “इकडे कुणाला मिळालंच नाही,” “हा गार झालाय, दुसरा आणा,” असा ओरडा सुरू झाला. एक तरुण, चांगला कार्यकर्ता, यंत्राचा वेग वाढवला म्हणून ज्याने मागच्या साली व्यवस्थापकाच्या खोलीत तासभर भांडण केले होते, तोच रिकामे ताट वाजवीत त्या बायांना म्हणाला, “मावशी, हात चालवा जरा.”

त्या पाचांतली वयाने मोठी बाई वर न पाहता म्हणाली, “हात चालूच हायेत भाऊ. कणीस इस्तवातलं हाय, तुमच्या फ्रिजातलं नाही.”

आम्ही उठून तिच्याशेजारी जाऊन बसलो. कारखान्यात काम मोजण्याची रीत आम्हांस ठाऊक आहे. साहेब लोक घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभे राहतात आणि त्यावरून संख्या ठरवतात. आयुष्यभर ज्या घड्याळाशी भांडलो तेच त्या दिवशी मनगटावरून काढून पुढे ठेवले. एका बाईला एक कणीस काढून, चोळून, पाखडून व्हायला सरासरी एक मिनिट लागत होते. म्हणजे न थांबता केले तर तासाला साठ. मोठ्या माणसाचे पोट भरायला आठ-दहा कणसे लागतात, मुलाला त्याच्या निम्मी. आम्हा साठ जणांना धरून सव्वापाचशे कणसे झाली. पाच हात-जोड्यांनी ती व्हायला पावणेदोन तास. आणि आमची इच्छा काय, तर सर्वांना एकाच वेळी, पहिल्या अर्ध्या तासात, गरम. हे गणिताने शक्यच नाही. हुरड्याच्या ठिकाणांबद्दल येणाऱ्या पाहुण्यांची नेहमीची जी तक्रार असते, ‘हुरडा पुरला नाही, भजी आणि ऊसच पुढे केला’, तिचे मूळ येथे आहे. धनी लबाड असतो असे नाही. शाळूच्या एका एकरात तीस-चाळीस हजार ताटे उभी असतात. निम्मी पाखरांना, रोगाला आणि कच्च्या-जून कणसांत गेली असे धरले तरी दीड-दोन हजार माणसांचा हुरडा एका एकरात असतो. शेत कमी पडत नाही, तळहात कमी पडतात.

ते तळहात आम्ही पाहिले. अंगठ्याच्या बुडाशी आणि बोटांच्या पेरांवर कातडे जाड, काळे, चकचकीत झालेले. वेल्डिंगवाल्याच्या हातावर जशा ठिणग्यांच्या खुणा असतात तशा लहान लहान खुणा. विचारले, पोळत नाही का? ती म्हणाली, “पैले आठ दिवस पोळतं. मग कळत नाही.” दुसरी म्हणाली, “घरी गेल्यावर कळतं. भाकर थापताना.” पहाटे सहाला येऊन त्यांनी कणसे खुडली होती, त्यांच्या जुड्या बांधल्या होत्या, आगट्या पेटवल्या होत्या. रोज साडेतीनशे रुपये. दुपारचे जेवण धन्याकडे. मोसम सव्वा महिन्याचा.

साडेतीनशे हा दर त्या गावच्या इतर शेतकामाहून कमी नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खुरपणीला त्याहून कमी मिळते. आणि बायांची त्याबद्दल मोठी तक्रारही नव्हती. सव्वा महिना रोज काम पक्के, हीच त्यांना मोठी गोष्ट वाटे. पण आम्ही हिशेब मांडण्याच्या सवयीचे. त्या दिवशी आमच्याकडून एकवीस हजार रुपये जमा झाले. पाच बायांचे रोज मिळून साडेसतराशे. प्रत्येकीला शंभर रुपये वाढवले असते तर आम्हा साठ जणांवर मिळून पाचशे, म्हणजे माणशी आठ रुपये तेहेतीस पैसे बोजा पडला असता. चारशेचे चारशे आठ! चारशेला जो पाहुणा येतो तो चारशे आठला यायचा राहत नाही.

येथे कायद्याचा एक गमतीदार पेच आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतमजुराला किमान वेतनाच्या कक्षेत आणले, आणि हॉटेल-खानावळीच्या कामगारालाही निराळ्या दराने आणले. आगटीपाशी बसलेली बाई ह्यांपैकी कोण? सकाळी सहा ते नऊ कणसे खुडते तेव्हा ती शेतमजूर असते. साडेनऊनंतर पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकाला खाद्यपदार्थ करून देते तेव्हा? काम तेच, जागा तीच, अंगावरचे लुगडे तेच. हा प्रश्न आम्ही दोन वकिलांना घातला. दोघांनी दोन उत्तरे दिली आणि दोघांनी चहाचे पैसे आम्हांसच द्यायला लावले.

जेवणाकडे वळू. दीड वाजता पंगत बसली. ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या, येसरची आमटी, भरीत, पिठले, ठेचा, शेवटी शेंगदाण्याची पोळी. येसर हा आपल्या मराठवाड्याचा खास जिन्नस. भाजलेली धान्ये आणि मसाले दळून वर्षाचे भरून ठेवायचे आणि पाहुणा आला की आमटीत घालायचे. हे सगळे घरच्या तिघींनी केले होते : सासू, सून आणि धन्याची विधवा बहीण. सव्वाशे भाकऱ्या थापल्या होत्या. आम्हांस चुलीपाशी नेऊन दाखवण्यात आले, कारण चूल पाहणे हा सहलीचा एक भाग आहे. पाहुणे चुलीशी बसून छायाचित्रे काढतात. सून धुराने डोळे पुशीत बाजूला झाली आणि आमच्यातल्या एका बाईने तिच्या जागी बसून, हातात न थापलेली भाकरी धरून छायाचित्र काढून घेतले. सून हसली. ते हसणे आनंदाचे होते की कसले, आम्हांस सांगता येणार नाही.

जेवणानंतर धनी मोकळेपणाने हिशेबाची वही घेऊन बसला. स्वभावाने उमदा माणूस. त्याने सांगितले ते प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. कोरडवाहू शाळू एकरी पाच क्विंटल उतरला असे धरा. २०२४-२५ साली मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. पाच क्विंटलचे सतरा हजार एकशे पाच. तेही हमीभाव हातात पडला तर. त्यातून बी, पेरणी, राखण, काढणी, मळणी. आणि पाहुण्यांचा एक रविवार एकवीस हजारांचा. अर्थात हे एकवीस हजार म्हणजे नफा नव्हे. किराणा, गवऱ्या, गडी, मांडव, पाण्याचा टँकर, संडासाची बांधकामे, भारूडवाल्यांची बिदागी सगळे त्यातून जाते, आणि आठवड्यातले पाच दिवस कोणी फिरकत नाही. तरीही ज्या शेतीने बापाला कर्जात घातले तीच शेती आता मुलाचे कॉलेज चालवते, असे तो म्हणाला.

वहीत रकाने होते : किराणा, डिझेल, मजूर, बैलांची पेंड, गाणेबजावणे. आम्ही विचारले, “घरच्या तिघींचा रकाना कुठे आहे?”

तो मोकळेपणी हसला. “घरच्यांना कसली आली मजुरी, दादा?”

चुलीकडून सासूचा आवाज आला, “इचारत्यात तर सांग की, कसली ते.”

पुढे कोणी बोलले नाही. धन्याने वही मिटली आणि आम्हांस पेरूची बाग दाखवायला नेले.

हा एकट्या त्या घरचा प्रश्न नाही. शेतावर पाहुणे घेणे हा धंदा महाराष्ट्रात आता रुजला आहे. नेरळजवळची सगुणा बाग हे त्याचे जुने उदाहरण. पांडुरंग तावरे यांनी २००५ पासून बारामतीकडे ह्या कल्पनेला संघटित रूप दिले, आणि २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. परदेशात ही वाट जुनी आहे. इटलीत तर १९८५ साली ह्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, त्यांना आपल्या शेतातले अन्न खाऊ घालावे, परंतु शेती मुख्य आणि पाहुणचार तिला जोडून, हे प्रमाण उलटू नये, असा त्याचा आशय. ही अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडेही अशी ठिकाणे दिसू लागली आहेत, की जिथे एका कोपऱ्यात शोभेपुरता शाळू उभा असतो, हुरडा बाहेरगावहून पोत्यात येतो आणि उरलेल्या जागेत लग्नाची लॉन्स. शेताचे जेवण असे म्हणून तिथे जे वाढतात ते शहरातल्या कोणत्याही खानावळीत मिळते. पाहुण्याने फोन करताना दर विचारावा तसे ‘शाळू कोणता, किती पेरला आणि पहिली आगटी किती वाजता’ हेही विचारावे. ज्याला उत्तर लगेच देता येईल त्याच्याकडे जावे.

समारंभांबद्दल थोडक्यात. आमच्या सहलीत दुपारी पैठणकडच्या एका मंडळीचे भारूड झाले. नाथांच्या गावाजवळ नाथांचे भारूड, ह्याहून उचित काय! मुले झोक्यावरून उतरून येऊन बसली. पण त्याच शेतावर संध्याकाळी एका वाढदिवसाचा कार्यक्रम ठरला होता, आणि चार वाजताच ध्वनिवर्धकाच्या भिंती उतरवणे सुरू झाले. आवाज तपासायला पहिले गाणे लावले तेव्हा गोठ्यातल्या गाईने दावे ताणले. धनी धावत जाऊन आवाज कमी करा म्हणून विनवीत होता, आपल्याच शेतात. त्याने त्यांचे पैसे आगाऊ घेतले होते.

आता पूर्वीच्या फुकटच्या पाहुणचाराविषयी. आमचे बालपण लातूरकडच्या एका गावी गेले. तिकडे मार्गशीर्षातली अमावास्या ही वेळ अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार माणसांनी भरते. कडब्याची खोप करून तीत पाच पांडव मांडतात. भज्जी, आंबील, उंडे, खीर असा स्वयंपाक डोक्यावरून शेतात जातो, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ही चाल आजही आहे, आणि ती पाहून आलेल्या माणसाला चारशे रुपयांचा फलक टोचतो हे आम्ही समजू शकतो.

पण आमचे वडील सालगडी होते. धन्याच्या आगटीला आम्ही पोरे जात असू. कणसे वडीलच भाजत आणि चोळत. गोणपाटाभोवती धन्याचे पाहुणे बसत. आम्ही दहा पावलांवर, बाभळीखाली उभे. वडील पाहुण्यांचे झाल्यावर ओंजळभर हुरडा आणून आमच्या सदऱ्याच्या ओच्यात टाकीत. धनी वाईट नव्हता. तो “पोरांना घाल रे” असे दरवेळी म्हणे. पण गोणपाटावर बसा असे कोणी कधी म्हटले नाही, आणि आम्हांलाही ते कधी सुचले नाही. येळवसेलाही गावातल्या काही वस्त्यांना बोलावणे निराळे आणि पंगत निराळी असे. ह्या गोष्टी आम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागच्या सांगत आहोत. फार जुन्या नाहीत.

म्हणून आम्ही वर म्हटले, की पाहुणचाराचे दुकान झाले म्हणून रडणाऱ्यांत आम्ही नाही. बिडकीनच्या त्या शेतावर आमच्यातल्या कोणाचे आडनाव कोणी विचारले नाही. चारशे रुपये दिले आणि सगळे एका गोणपाटावर बसले. पैशाने पुष्कळ गोष्टी बिघडवल्या, ही एक सुधारली. मात्र पैशाने बाभूळ हलवली नाही. तिच्याखाली आता आमच्या जागी त्या पाच बायांची मुले बसली होती, आणि आमची मुले ताटे वाजवीत होती.

बसमध्ये परतताना आम्ही ताट वाजवणाऱ्या त्या तरुणाला शेजारी बसवून घेतले. रागावलो नाही; घड्याळाचा हिशेब तेवढा सांगितला. एक मिनिटाला एक कणीस. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आपण तिथे साहेब होतो.” आम्ही म्हटले, गिऱ्हाईक होतो. तो म्हणाला, “तेच.”

ह्यंदाच्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच शेतावर गेलो. जाण्याआधी धन्याशी फोनवर बोलणे केले : माणशी दहा रुपये आम्ही अधिक देऊ, ते चोळणाऱ्या बायांत वाटावेत; आणि आमची मंडळी एकदम न येता दोन गाड्यांनी, तासाच्या अंतराने येतील. दुसरी गोष्ट त्याला पहिलीपेक्षा अधिक आवडली. एकाच वेळी साठ माणसे अंगावर येणे, हीच त्याचीही डोकेदुखी होती. पाहुण्यांना तसे सांगायचे धाडस मात्र त्याला झाले नव्हते. त्या दिवशी हुरडा कोणालाही गार मिळाला नाही. आगट्यांपाशी ह्या वेळी सहावी बाई होती.

चुलीच्या बाजूला एक लाकडी मेज मांडले होते. त्यावर येसर, जवसाची चटणी, कुरडया, सांडगे ह्यांच्या पिशव्या. मेजामागे सून. पैसे कोणी धन्याकडे देऊ लागला तर तो हात मागे घेई : “ते तिकडं द्या. त्यो गल्ला येगळा हाय.” वहीत रकाना झाला का, हे आम्ही विचारले नाही. सासूने मात्र आम्हांस ओळखले आणि न मागता एक पिशवी येसर हातात दिला. पैसे काढले तर म्हणाली, “राहू द्या, ह्यो माझा हाय.”

तो तरुण आगटीपाशी जाऊन बसला होता. वेल्डर आहे, हात राठ आहेत ह्याचा त्याला अभिमान. त्याने निखाऱ्यातून कणीस उचलले, दोन वेळा ह्या हातातून त्या हातात टाकले, तोंडाने फुंकरा मारल्या आणि मोठ्या जिद्दीने चोळले. निम्मे दाणे बोंडातच राहिले. तीच थोरली बाई पाहत होती. तिने ते कणीस त्याच्या हातातून काढून घेतले, पुन्हा फुफाट्यात खोचले आणि म्हणाली, “गार केलंस, बाबा. आता बस, मी देते.”